टोपीखालची शांतता

‘द ट्रायपॉड्स’ ही मुलांसाठीची विज्ञानमालिका बी.बी.सी.च्या पहिल्या वाहिनीवर सप्टेंबर १९८४ मध्ये सुरू झाली. शनिवारच्या सायंकाळी, कुटुंबे एकत्र बसण्याच्या वेळी, तिचे पहिल्या वर्षी तेरा आणि दुसऱ्या वर्षी बारा भाग दाखविले गेले. नोव्हेंबर १९८५ मध्ये, कथेचा तिसरा हिस्सा सांगावयाचा राहिला असतानाच, ती बंद पडली. आपल्याकडे त्या दिवसांत ‘हम लोग’ नुकतीच सुरू झाली होती आणि ज्याच्या घरी दूरदर्शन संच असे त्याच्या ओट्यावर शेजाऱ्यांच्या चपलांचा ढीग पडे. या इंग्रजी मालिकेचे नावही तेव्हा आमच्या कानी आले नव्हते. २००९ मध्ये तिच्या तबकड्या बाजारात आल्या, त्यानंतर काही काळाने परदेशस्थ धर्मग्रामस्थाच्या कृपेने आम्ही ती प्रथम पाहिली. आणि गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत धर्मशिक्षण वर्गातील मोठ्या मुलांसह पुन्हा एकवार पाहिली. या दुसऱ्या पाहण्यात जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

मालिकेचे मूळ जॉन ख्रिस्तोफर यांच्या तीन कादंबऱ्यांत आहे. हे टोपणनाव, लेखकाचे खरे नाव सॅम यूड. ‘द व्हाइट माउंटन्स’ आणि ‘द सिटी ऑफ गोल्ड अँड लेड’ या दोन १९६७ साली निघाल्या आणि ‘द पूल ऑफ फायर’ ही तिसरी १९६८ साली. पैकी पहिली आम्ही गुरुविद्यालयाच्या ग्रंथालयात, कोपऱ्यातील कपाटात, संतचरित्रांच्या शेजारी ठेवलेली पाहिली आणि दोन रात्रींत वाचून संपविली. तीन पायांची राक्षसी यंत्रे ही कल्पना अर्थातच नवी नाही. एच. जी. वेल्स यांच्या १८९८ सालच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये अशीच यंत्रे पृथ्वीवर उतरतात. मात्र वेल्स यांच्या कथेत परग्रहवासी रोगजंतूंमुळे मरतात आणि मानव वाचतो. ख्रिस्तोफर यांच्या कथेत परग्रहवासी केव्हाच जिंकले आहेत, आणि जिंकले होते हेदेखील माणसे विसरून गेली आहेत.

पहिल्या भागाचा आरंभ मोठा चतुर आहे. इंग्लंडमधील एक खेडे, घोडागाड्या, जुन्या वळणाचे पोशाख, सणासारखी लगबग. पाहणाऱ्यास वाटते, ही एकोणिसाव्या शतकातील एखादी कौटुंबिक कथा असावी. पण पडद्यावर साल येते ते २०८९. मग झाडांच्या शेंड्यांवरून एक प्रचंड धातूचे धूड तीन पायांवर चालत येते, आणि गावकरी पळून जाण्याऐवजी आदराने त्याच्याकडे पाहतात. एका मुलाला ते उचलून आपल्या पोटात घेते. मुलगा परत येतो तेव्हा त्याचे डोके मुंडलेले असते आणि त्यावर धातूच्या जाळीची टोपी बसविलेली असते. ती पुन्हा निघत नाही. ती आता त्याच्या कातडीचाच भाग असते. गाव आनंद करते. मुलगा आता मोठा झाला.

मराठीत ‘टोपी घालणे’ याचा अर्थ फसविणे. इंग्रज लेखकास हे ठाऊक असण्याचे कारण नाही, पण आमची मुले पहिल्याच भागात यावरून खूप हसली. त्यांचे हसणे तिसऱ्या-चौथ्या भागापर्यंत टिकले नाही.

कथा तशी साधी आहे. विल पार्कर हा मुलगा आणि त्याचा चुलतभाऊ हेन्री यांची टोपी घालून घेण्याची वेळ जवळ येत चालली आहे. कादंबरीत हे वय चौदा वर्षांचे. विलचा जिवलग सोबती जॅक याला टोपी बसते आणि तो पार बदलतो. तशात गावात एक वेडसर भटक्या येतो. टोपी नीट न बसल्याने ज्यांच्या बुद्धीत बिघाड होतो असे लोक या जगात गावोगाव हिंडतात, आणि लोक त्यांना जेवूखाऊ घालतात. हा मात्र वेड्याचे सोंग घेतलेला, खोटी टोपी घातलेला स्वतंत्र माणूस आहे. वाळवंटात पडलेल्या राजाच्या पुतळ्यावर शेली या कवीने जे सुनीत रचले, त्यातील ओझिमँडियस हे नाव त्याने धारण केले आहे. दूर दक्षिणेस पांढऱ्या पर्वतांत, म्हणजे आल्प्समध्ये, टोपी नसलेली माणसे राहतात, असे तो विलला सांगतो. दोघे भाऊ निघतात. फ्रान्समध्ये त्यांना जाँ-पॉल नावाचा चष्मा लावणारा, वाफेची आणि उडण्याची स्वप्ने पाहणारा लुकडा मुलगा भेटतो. इंग्रजी कानांना त्याचे नाव ‘बीनपोल’ असे ऐकू येते, म्हणजे घेवड्याच्या वेलाला आधार द्यावयाची काठी, आणि तेच त्याला चिकटते. तिघांचा हा पायी प्रवास म्हणजे मालिकेचे पहिले वर्ष.

विलचे काम जॉन शॅक्ली, हेन्रीचे जिम बेकर आणि जाँ-पॉलचे सेरी सील यांनी केले आहे. तिघांपैकी सेरी सील आम्हांस अधिक भावला. प्रत्येक वस्तू हाती घेऊन उलटीसुलटी करून पाहणारा त्याचा जाँ-पॉल हे या कथेचे खरे डोके आहे. विल हा नायक असला तरी उतावळा, हट्टी, मत्सरी मुलगा आहे. दोघांची मैत्री वाढलेली पाहून तो मनातल्या मनात जळतो. हा दोष लेखकाने मुद्दाम ठेवला आहे आणि त्याचे कारण पुढे कळते. केन फ्रीमन यांचे सिंथेसायझरवरील संगीत त्या दशकाचे आहे हे लपत नाही, तरी यंत्राच्या आगमनाची धास्ती ते चांगली उभी करते. चित्रचमत्कृती आजच्या मुलांना बाळबोध वाटतात. आमच्यापैकी एकाने यंत्राचे पाय पाहून ‘हा तर आमच्या लग्नातला फोटोवाल्याचा स्टँड’ असे म्हटलेच. पण पहिल्या वर्षात यंत्रे फारशी दिसतच नाहीत, आणि तेच बरे झाले.

मालिका प्रथम दाखविली गेली तेव्हापासून तिच्यावर एक आक्षेप घेतला गेला : ती संथ आहे. दुर्गातील भाग लांबतात. द्राक्षमळ्यातील कुटुंबाचे भाग तर कादंबरीत नाहीतच, ते वाढविलेले आहेत. मारामारी नाही, पाठलाग थोडा, जेवणे फार. पहिल्या वेळी आम्हांसही हा आक्षेप बराचसा पटला होता. मुलांबरोबर पाहताना मात्र ध्यानात आले की ही संथ गतीच मालिकेचे बळ आहे. त्या मळ्यात काय आहे पाहा. भरल्या घरचे जेवणाचे मेज, कष्टाची पण गोड कामे, थकून आल्यावर विचारपूस करणारी गृहिणी, हसऱ्या मुली. कोणी कोणाचा द्वेष करीत नाही. गुलामगिरी दाखवावयाची तर साखळदंड आणि चाबूक दाखविण्याची आपणा सर्वांना सवय. येथे गुलामगिरी म्हणजे एक चांगले खेडे आहे. आपल्या वाडीसारखे. अशा घरात पाहुणे म्हणून आठ दिवस राहिल्यावर पुढे डोंगराकडे कशास जावयाचे, हा प्रश्न मुलांना पडला पाहिजे. आणि तो पाच मिनिटांच्या दृश्यात पडत नाही. त्यासाठी वेळ घालवावा लागतो. मोह हा लढाईसारखा अंगावर येत नाही, तो मुक्कामासारखा लांबत जातो, हे ज्यांनी पटकथा रचली त्या अ‍ॅलिक रो यांना कळले होते.

मोहाचे सर्वांत सुंदर रूप म्हणजे एलोईझ. दुर्गाधिपतीची ही मुलगी विलवर माया करते, आणि विलच्या मनात तेथेच राहण्याचा विचार पक्का होऊ लागतो. कादंबरीत एक लहानसा प्रसंग आहे : विल थट्टेने तिच्या डोक्यावरचे वस्त्र मागे सारतो आणि खाली टोपी दिसते. जिच्या दयाळूपणावर तो भाळला, ती दया तिची स्वतःची होती की टोपीची? लेखक उत्तर देत नाही. पुढे क्रीडास्पर्धांची राणी म्हणून तिची निवड होते आणि परग्रहवासीयांच्या नगरात सेवेस जाण्याचा मान तिला मिळतो. कादंबरीतील एलोईझ हे विलला सांगते ते रडत नव्हे, आनंदाने. हा आनंद वाचकाच्या पोटात खड्डा पाडतो. मालिकेत ही भूमिका करणारी शार्लट लाँग ही तरुण अभिनेत्री, मालिका दाखविली जात असतानाच, ऑक्टोबर १९८४ मध्ये मोटार अपघातानंतर मरण पावली. दुसऱ्या वर्षी त्या भूमिकेत सिंडी शेली दिसते. हे ठाऊक असून ते भाग पाहणे सोपे जात नाही.

येथे एक उणीव सांगितली पाहिजे. आमच्या वर्गातील एका मुलीने विचारले, ‘फादर, डोंगरावर एकही मुलगी का निघत नाही?’ प्रश्न रास्त आहे. या कथेत मुली आहेत त्या मुलांना थांबविण्यासाठी : दुर्गात एलोईझ, मळ्यात त्या घरच्या लेकी. स्वातंत्र्याची तहान मुलांना, घराची ओढ मुलींना, अशी ही वाटणी आहे. कादंबरीने ती केली आणि मालिकेने, वाढविलेल्या भागांत संधी असूनही, ती मोडली नाही. ज्या धर्मसभेने कॅथरिन ऑफ सिएनासारख्या कन्येला, जिने पोपमहाशयांना रोमला परत येण्याची गळ घातली, १९७० साली धर्मपंडिता म्हणून गौरविले, त्या धर्मसभेच्या वाचकांना तरी ही वाटणी पटू नये.

दुसऱ्या वर्षाची पटकथा ख्रिस्तोफर पेनफोल्ड यांची. विल आणि फ्रिट्झ हे खोट्या टोप्या घालून, क्रीडास्पर्धा जिंकून, परग्रहवासीयांच्या सोनेरी नगरात गुलाम म्हणून शिरतात. मालिकेने येथे पैसा ओतला आहे, आणि जे जे लपवून ठेवले होते ते सारे दाखविले आहे. आमच्या मते येथेच ती थोडी उतरते. कादंबरीतील नगर भयंकर आहे ते शरीराला जाणवणाऱ्या गोष्टींनी : शिशासारखे जड झालेले हातपाय, विषारी हिरवी हवा, तोंडावर सतत बांधावा लागणारा श्वसनमुखवटा, दोन-तीन वर्षांत झिजून जाणारी तरणी पोरे. आणि त्या नगरात एक जागा आहे, जिला ‘सुखद मुक्तीचे स्थान’ असे म्हणतात. जो गुलाम धन्याची सेवा करण्यास असमर्थ झाला तो आपल्या पायांनी तेथे चालत जातो आणि मरतो. कोणी ढकलत नाही. धन्याला आपला उपयोग उरला नाही, मग जगावे कशासाठी? नगराच्या झगमगाटात हा गारठा मालिकेने पुष्कळसा हरविला आहे. आपल्या काळात, जेव्हा थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘आता आपला कोणाला उपयोग नाही’ असे स्वतःच वाटू लागते, तेव्हा त्या कादंबरीतील ती चार-दोन पाने आम्हांस आठवतात.

आता त्या गोष्टीकडे वळतो जिच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला.

तिसरा भाग संपल्यावर वर्गातील एक मुलगा, ज्याचा दृढीकरण संस्कार यंदा व्हावयाचा होता, तो उठून म्हणाला, ‘फादर, दृढीकरणाला बिशप येतात, सारा गाव जमतो, आमच्या डोक्यावर हात ठेवतात, तेल लावतात, आणि मग सगळे म्हणतात की आता तुम्ही मोठे झालात. मग त्यात आणि ह्यात फरक काय?’ वर्गात शांतता पसरली. दोन दिवसांनी एक पालक आम्हांला भेटावयास आले. त्यांचा सूर नम्र होता, पण त्यांनी स्पष्ट सांगितले की ही गोष्ट मुलांना आईबापांविरुद्ध आणि धर्माविरुद्ध उभी करते. फादरनी असे काही दाखवू नये.

त्या पालकांचा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. विल खरोखरच आईवडिलांना न सांगता निघून जातो, आणि ते वाईट आईवडील नाहीत. मुलास टोपी बसावी असे त्यांना वाटते ते प्रेमापोटीच. त्यांनाही ती अशीच बसली आहे. पण संतचरित्रे वाचणाऱ्या घरांना असा मुलगा अगदीच अनोळखी नसावा. पोलंडच्या उमराव घराण्यातील स्टॅनिस्लॉस कोस्टका १५६७ साली घरच्यांचा विरोध डावलून, वेष पालटून, व्हिएन्नाहून पायी निघाला. जर्मनीतील डिलिंगेन येथे पीटर कनिझियस यांना भेटून आल्प्स ओलांडून रोमला गेला, तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी तो वारला. धर्मसभेने त्याला संत मानले आणि नवशिक्या व्रतस्थांचा आश्रयदाता केले. गुरुविद्यालयात त्याच्या पर्वतयात्रेची गोष्ट सांगितली जात असे, आणि विल आणि त्याचे सोबती ज्या पर्वतांकडे निघाले तेही तेच. दोन मुले घरातून पळतात : एक आज्ञाधारक होण्यासाठी, एक आज्ञेपासून सुटण्यासाठी. तरी दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे, ती म्हणजे आपल्या जन्माचे उत्तर आपण द्यावयाचे, दुसऱ्याने नव्हे.

मुलाच्या प्रश्नाला उत्तर देणे अधिक अवघड. पवित्र आत्मा आणि परग्रहवासी यांत फरक असतो, असे सांगून मोकळे होता आले असते. पण मुलाने विचारले होते ते कोण देतो याविषयी नव्हे. घेणाऱ्याचे काय होते याविषयी. मालिकेने स्वतःच याची कसोटी देऊन ठेवली आहे. जॅक आणि विल हे दोघे एकत्र बसून यंत्रांविषयी तर्क करीत. टोपी बसल्यानंतर जॅकजवळ एकही प्रश्न उरत नाही. तो दुष्ट होत नाही, दुःखी होत नाही, मित्राला ओळखेनासाही होत नाही. फक्त शांत होतो. या शांततेशी शुभवर्तमानातील माणसांची तुलना करून पाहावी. देवदूताने निरोप आणला तेव्हा पवित्र मरियेने होकार देण्याआधी प्रश्न विचारला. थोमाने पुनरुत्थानाविषयी शंका घेतली आणि प्रभूने त्याला बाहेर काढले नाही, जखमा दाखविल्या. आणि तो धनिक तरुण! येशूने त्याच्याकडे प्रेमाने पाहिले, बोलावले. तो खिन्न होऊन निघून गेला, आणि येशूने त्याला जाऊ दिले. त्या तीन पायांच्या यंत्रांनी आजवर कोणालाही जाऊ दिलेले नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धार्मिक स्वातंत्र्यावरील आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. श्रद्धेची कृती ही तिच्या स्वभावानेच स्वतंत्र असते, कोणालाही बळाने श्रद्धावान करता येत नाही, असे त्याचे सार आहे. ख्रिस्तोफर यांची पहिली कादंबरी त्यानंतर दोनच वर्षांनी निघाली. दोहोंचा परस्परसंबंध असल्याचे आम्ही म्हणत नाही. पण त्या दशकात सगळीकडेच हा प्रश्न हवेत होता. १९८३ च्या धर्मकायद्याचे १०२६ वे कलम सांगते की गुरुदीक्षा घेणाऱ्याजवळ योग्य ते स्वातंत्र्य असलेच पाहिजे आणि कोणासही त्यासाठी भाग पाडणे सर्वथा निषिद्ध आहे. दृढीकरणाच्या विधीतही हात ठेवण्यापूर्वी उमेदवारांना प्रश्न विचारले जातात. स्नानसंस्काराच्या वेळी आईबापांनी आणि धर्ममातापित्यांनी आपल्यासाठी दिलेली वचने मुलांनी स्वतःच्या तोंडाने पुन्हा द्यावयाची असतात. यंत्र प्रश्न विचारीत नाही. फरक असलाच तर तो या प्रश्नात आहे, असे आम्ही त्या मुलाला सांगितले.

तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘पण उत्तर तर आमच्याकडून आधीच पाठ करून घेतात.’

या वाक्यावर काय बोलावे हे वाचकांनीच आपापल्या घरी ठरवावे. मुलगा ‘नाही’ म्हणू शकतो हे ज्या घराला सुचतच नाही, त्या घरातील मुलाच्या ‘होय’चे वजन किती? नवीन झगे शिवून झालेले असतात, पाहुण्यांना आमंत्रणे गेलेली असतात, मंडप पडलेला असतो. मालिकेतील गावाने जॅकसाठी जो सण केला त्यात प्रेमाची काही कमतरता नव्हती. त्या यंदाच्या मुलाविषयी एवढेच सांगतो की त्याने वर्षभर थांबावयाचे ठरविले आहे. घरचे नाराज आहेत. तो वर्गाला मात्र एकही दिवस चुकविलेला नाही, आणि त्याचे प्रश्न दिवसेंदिवस अधिक कठीण होत चालले आहेत.

मालिकेच्या बाजूने एवढे बोलल्यावर तिच्या विचारातील पोकळीही दाखविली पाहिजे. कशापासून मुक्त व्हावयाचे हे ती उत्तम सांगते. कशासाठी मुक्त व्हावयाचे हे तिच्यात जवळजवळ नाही. पांढऱ्या पर्वतांतील स्वतंत्र माणसे शिस्तीने राहतात, ज्युलियस या म्होरक्याच्या आज्ञेत वागतात, कष्ट उपसतात. ते सैनिक आहेत. शत्रू गेल्यावर ते काय करतील, हे विचारावयास मालिकेला उसंतच मिळत नाही, कारण ती तेथवर पोहोचतच नाही. नगरातून सुटून मुले परततात तो डोंगरावरील तळ उद्ध्वस्त झालेला, आणि तेथेच पडदा पडतो. तिसरे वर्ष आलेच नाही. पंचवीस भाग मन लावून पाहिलेल्या मुलांवर हा सरळ अन्याय आहे. आमच्या वर्गात तर आरडाओरड झाली.

तिसरी कादंबरी म्हणूनच वाचली पाहिजे. परग्रहवासीयांना मद्य चढते, आणि थोडक्यात ते निपचित होतात, हा शोध लागतो. नगरांच्या पाण्यात मद्यार्क मिसळून दोन नगरे पाडली जातात. आमच्या भागातील दारूबंदीवाल्यांना हा उपाय आवडणार नाही. तिसऱ्या नगरावर फुग्यांतून बाँब टाकावे लागतात. बाँब घुमटावरून घरंगळून जातात हे पाहून हेन्री स्वतःच बाँब घेऊन उडी टाकतो आणि तो फुटेपर्यंत धरून ठेवतो. शांत, मस्करीखोर, कोणाच्या फारसे ध्यानात न आलेला हेन्री. पण ख्रिस्तोफर यांचे मोठेपण त्याच्या बलिदानाच्या प्रसंगात नाही, त्यानंतरच्या प्रकरणात आहे. टोप्या निकामी झाल्या, माणसे मोकळी झाली, आणि काही वर्षांतच स्वतंत्र राष्ट्रांचे प्रतिनिधी एकत्र बसून भांडू लागतात. ज्युलियसला बाजूला सारले जाते. सभा मोडते. टोपीच्या काळात युद्धे नव्हती, आता होतील. विल, जाँ-पॉल आणि फ्रिट्झ आपापली आवडती कामे सोडून या भांडणाऱ्या माणसांना एकत्र आणण्याचे ठरवितात. ज्या विलला दोन मित्रांची मैत्रीही सहन होत नसे, त्याच्याकडे हे काम यावे! त्याचा मत्सर लेखकाने का जपून ठेवला हे येथे उमगते. जो भांडू शकतो त्यालाच समेट करता येतो. जॅकला समेट करावयास सांगण्यात अर्थ नाही.

मालिकेची एक शेपटीही आहे. परग्रहवासी तंत्रात तसे फार पुढे नसताना त्यांनी पृथ्वी जिंकलीच कशी, अशी शंका मालिकेच्या निमित्ताने काढली गेली. उत्तरादाखल ख्रिस्तोफर यांनी १९८८ साली ‘व्हेन द ट्रायपॉड्स केम’ ही पूर्वकथा लिहिली. तीत यंत्रांचा पहिला हल्ला सपशेल फसतो. सैन्यापुढे त्यांचा टिकाव लागत नाही. मग एक दूरदर्शन मालिका सुरू होते, मुलाबाळांना वेड लावणारी, आणि ती पाहून लोक यंत्रांची भक्ती करू लागतात. टोप्या ते आनंदाने, एकमेकांना वाटून, घालून घेतात. आपल्या कादंबऱ्यांची दूरदर्शन मालिका झालेल्या लेखकाने हे लिहावे यात खट्याळपणा आहे, आणि केवळ खट्याळपणा नाही. हे वाचून दाखविले तेव्हा वर्गातील मुलांनी एकमेकांच्या खिशातील मोबाइलकडे पाहिले. आम्ही त्यावर काही बोललो नाही.

ज्या कुटुंबांना ही मालिका मिळेल त्यांनी पहिल्या वर्षाचे तेरा भाग, आठवड्याला एक या गतीने, मुलांसोबत बसून पाहावेत. एका रात्रीत संपवू नयेत, कारण मळ्यातला मुक्काम लांबला पाहिजे. दुसऱ्या वर्षाच्या आधी ‘द सिटी ऑफ गोल्ड अँड लेड’ वाचून घ्यावी म्हणजे नगराच्या देखाव्यामागचे भय निसटणार नाही. शेवटचा भाग पाहण्याच्या दिवशी तिसरी कादंबरी घरात असावी. आमच्या ग्रंथालयातील प्रत जीर्ण झाली आहे आणि तिच्यासाठी सध्या अकरा मुले रांगेत आहेत. कोणा वाचकाच्या घरी जादा प्रत पडून असल्यास ती धर्मग्राम कार्यालयात आणून द्यावी.